बेवड कोणाच्या हाती?

खरिपाच्या पेरण्या तोंडावर आल्या म्हणजे शासनाला जमिनीच्या प्रकृतीची आठवण होते. गावोगावी मेळावे भरतात, तालुक्याच्या ठिकाणी फलक लागतात, आणि शेतकऱ्यांना सांगण्यात येते की, एकाच रानात तेच ते पीक घेऊ नका, पिकांची फेरपालट करा, कडधान्ये घ्या, जमिनीचा पोत सांभाळा. हा उपदेश खोटा नाही. तो शास्त्राला धरून आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवालाही धरून आहे. परंतु ज्याला तो केला जातो त्याच्या हाती तो अमलात आणण्याची सत्ता आहे काय, हा प्रश्न त्या मेळाव्यांत कोणी विचारीत नाही. आणि एखाद्याने विचारलाच, तर त्याचे उत्तर देण्याचे बंधन व्यासपीठावरील कोणावरही नसते. त्याच प्रश्नाचा विचार येथे कर्तव्य आहे.

मराठी शेतकऱ्याला फेरपालटीचे तत्त्व बाहेरून कोणी शिकवावे लागलेले नाही. त्याच्या भाषेत त्याकरिता ‘बेवड’ हा स्वतंत्र शब्दच आहे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण किंवा अवगुण म्हणजे बेवड. मुगाचा बेवड रब्बी ज्वारीला मानवतो, हरभऱ्याच्या बेवडावर पुढचे पीक जोमाने उठते, हे निरक्षर शेतकरीही जाणतो. भारी काळ्या रानात खरिपाचा मूग अथवा उडीद काढून त्यावर रब्बी ज्वारी पेरणे, वऱ्हाडात कापसाच्या पाठीवर ज्वारी घेणे, दोहोंतही तुरीच्या ओळी ठेवणे, हा त्याच्या शेतीचा सांगाडाच होता. ब्रिटिश सरकारने हिंदी शेती सुधारण्याकरिता पाठविलेल्या जॉन ऑगस्टस व्हॉलकर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ सालच्या आपल्या अहवालात, येथील शेतकऱ्याला फेरपालट शिकविण्याची गरज नाही, ती तो जाणतो, अशा आशयाची कबुली दिली होती. शिकवायला आलेल्याने असे लिहून जावे, ही गोष्ट आजच्या उपदेशकांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शेतकऱ्याच्या या अनुभवामागील कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पकडून पिकाला पुरवितात. पण फेरपालटीचा लाभ नत्रापुरता नाही. तुरीचे सोटमूळ खोल जाऊन खालच्या थरातील अन्नद्रव्य वर आणते आणि कडक थर मोकळा करते. तुरीचा पालापाचोळा रानातच गळतो. ज्वारीची धसकटे व मुळे कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो. आणि पीक बदलल्यामुळे त्याच पिकावर जगणाऱ्या किडीची व रोगाची साखळी तुटते. येथे एक भ्रम मात्र दूर केला पाहिजे. कडधान्य म्हणजे जादू नव्हे. दाणे विकले, भुसा नेला, आणि रानात काहीच परत टाकले नाही, तर नत्राची शिल्लक नाममात्र उरते. स्फुरद आणि पालाश तर कोणतीही फेरपालट निर्माण करू शकत नाही. शेणखत, सोनखत, पालापाचोळा रानात परतला पाहिजे, आणि त्यासाठी गोठ्यात जनावर व जनावरासाठी कडबा पाहिजे. फेरपालट ही एखादी युक्ती नसून साऱ्या शेतीची घडी आहे. घडीतला एक पदर ओढला की बाकीचे विसकटतात.

आणि ही घडी बसायला वर्षे लागतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात १८७६ सालापासून काही तुकडे प्रयोगासाठी राखलेले आहेत. एकात दरवर्षी केवळ मका, तर दुसऱ्यात मका, ओट आणि क्लोव्हर हे चाऱ्याचे शेंगवर्गीय पीक, अशी फेरी. शेजारी शेजारी असलेल्या या तुकड्यांपैकी निव्वळ मक्याच्या तुकड्यातील सेंद्रिय द्रव्य फेरपालटीच्या तुकड्यापेक्षा पुष्कळ घटले. तसा फरक एका हंगामात पडत नसतो. जमिनीचा कस ही सावकाश साठणारी आणि झटपट उधळता येणारी ठेव आहे. मग ती कोण साठवील? उद्या ती आपल्याच उपयोगी पडेल याची ज्याला शाश्वती आहे, आणि साठविण्याच्या काळात ज्याची चूल विझणार नाही, तोच. खरा प्रश्न येथून सुरू होतो.

या संदर्भात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ते घरोघर पोहोचले आहे. गुलामीत जन्मलेला हा शास्त्रज्ञ १८९६ साली अलाबामातील टस्कीगी येथील संस्थेत आला. कापसाने निःसत्त्व केलेल्या त्या मुलखात चवळी, भुईमूग, रताळी घ्या, जमिनीला विसावा द्या, मग कापसाकडे वळा, असे त्याने काळ्या शेतकऱ्यांना अखंड सांगितले. १९०६ पासून संस्थेची गाडीच गावोगाव फिरू लागली. पुस्तक वाचून कार्व्हरच्या तपश्चर्येने मन भरून येते, आणि ते योग्यच आहे. पण त्या तपश्चर्येला शेतात यश का मर्यादित आले, हा प्रश्न वाचकाच्या मनात सहसा उठत नाही.

उत्तर अलाबामाच्या अर्थव्यवस्थेत आहे. तेथील बहुसंख्य काळे शेतकरी वाटेकरी होते. जमीन मालकाची, बी-अवजारे बहुधा मालकाचीच, आणि वर्षभराचे पीठमीठ दुकानदाराकडून उधार. त्या उधारीला तारण म्हणून उभे पीक लिहून द्यावे लागे, आणि तारण म्हणून दुकानदाराला कापूसच हवा असे, कारण तो हमखास खपतो आणि घरात खाऊन संपविता येत नाही. झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस पेरला जाई. भुईमूग लावू इच्छिणाऱ्याला उधारीच मिळत नसे. पुढे बोंडे फस्त करणारा सोंडकिडा आला आणि कापसावर कर्ज देण्यात राम उरला नाही, तेव्हा कोठे दक्षिण अलाबामातील पेढीवाल्यांनी भुईमुगाला पैसे देऊ केले. त्या भागातील एंटरप्राइज या गावाने १९१९ साली चक्क त्या किड्याचे स्मारक उभारले! शास्त्रज्ञाचा उपदेश जे करू शकला नाही ते किड्याने केले, याचे कारण एवढेच की किड्याने सावकाराचे गणित बदलले. १९३१ साली टस्कीगीच्या शेजारच्या टॅलापूसा परगण्यात काळ्या वाटेकऱ्यांनी संघटना बांधली. तिच्या मागण्यांत स्वतःच्या भाजीपाल्यासाठी तुकडा राखण्याचा हक्क आणि आपल्या वाट्याचे पीक आपण विकण्याचा हक्क होता. त्या मागण्यांना उत्तर म्हणून गोळ्या झाडण्यात आल्या आणि संघटनेचा एक पुढारी मारला गेला. काय पेरावे हे ठरविण्याचा हक्क हा त्या वाटेकऱ्यांच्या जिवावर बेतणारा प्रश्न होता.

अलाबामा दूर आहे. मराठवाडा, विदर्भ दूर नाहीत. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या कायद्याने पुष्कळ कुळे मालक झाली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु जी जमीन आज खंडाने, ठोक्याने वा बटईने कसली जाते ती बहुतांशी तोंडी करारावर. कागद केला तर कूळ हक्क सांगेल या धास्तीने मालक वर्षावर्षाने माणूस बदलतो, अथवा बदलण्याचा धाक ठेवतो. असा कसणारा मनुष्य पुढच्या पाडव्याला ते रान आपल्याकडे राहील की नाही हे जाणत नाही. त्याने त्यात ताग गाडावा, शेणखताच्या गाड्या टाकाव्यात, कमी पैशाचे कडधान्य घेऊन दुसऱ्याच्या जमिनीचा बेवड सुधारावा, अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे. तो युरिया टाकतो आणि निघेल तेवढे काढतो. पीककर्ज त्याच्या नावे नाही, पीकविमा व नुकसानभरपाई बहुधा सातबारावर नाव असणाऱ्याच्या पदरी पडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात थॉमस कोक या जमीनदाराने कुळांना दीर्घ मुदतीचे खंडपट्टे दिले आणि त्यांतच गहू, सलगम, सातू, क्लोव्हर यांच्यासारख्या फेरीच्या अटी घातल्या. कोक काही गरिबांचा कैवारी नव्हता. त्याच काळात सामायिक चराऊ रानांना कुंपणे पडून हजारो गरीब देशोधडीस लागत होते. तरी मुदतीवाचून कस नाही, एवढे त्या जमीनदारालाही कळत होते.

ज्याची जमीन स्वतःची आहे त्याचे तरी काय? येथे २०१६-१७ सालच्या तुरीची कहाणी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण उपदेश ऐकणाऱ्याच्या पदरी काय पडते हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याच प्रकरणात दिसत नाही. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. सरकारने कडधान्ये पेरण्याचे आवाहन केले, हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर केला, आणि पाऊसही बरा झाला. शेतकऱ्यांनी ऐकले. देशातील तुरीचे उत्पादन एका वर्षात सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांवर गेले. कडधान्याच्या इतिहासात अशी झेप क्वचितच दिसते. पण त्याच वर्षात सुमारे ६६ लाख टन कडधान्ये परदेशांतून आली होती. मोझांबिककडून वर्षानुवर्षे तूर घेण्याचा करारही २०१६ सालीच झाला होता. आणि निर्यातबंदी २००६ पासून होती ती तशीच ठेवली होती. बाजारात तूर चार हजारांच्या खाली घसरली. महाराष्ट्रात सरकारी खरेदीकेंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. कोठे बारदाना नाही, कोठे गोदामात जागा नाही, म्हणून शेतकरी दिवसेंदिवस पोत्यांवर झोपले. आणि २२ एप्रिल २०१७ रोजी मुदत संपली म्हणून केंद्रे बंद झाली. पुढे ओरड झाल्यावर रांगेतली तूर घेण्याची सोय करण्यात आली. निर्यातीची बंदी उठली ती त्या वर्षाच्या सप्टेंबरात, म्हणजे लहान शेतकऱ्याची तूर व्यापाऱ्याच्या गोदामात पोहोचल्यानंतर.

पुढच्या हंगामात तुरीचे क्षेत्र घटले, यात नवल ते काय? त्यावर मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा मुक्त करण्यात आली आणि ती मुभा वेळोवेळी वाढविली गेली. शहरातील कामगाराला डाळ स्वस्त मिळावी ही इच्छा रास्त आहे, आणि ती या पानावर तरी कमी लेखली जाणार नाही. पण ती पुरी करण्याचा दुसरा मार्गही आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर तांदूळ, गहू आणि भरडधान्य यांचा हक्क दिला. डाळीचा दिला नाही. डाळ शिधावाटपात आणली तर सरकारला ती हमीभावाने खरेदी करणे भाग पडेल, शेतकऱ्याची तूर उठेल आणि गिरणगावातल्या वा झोपडपट्टीतल्या मुलाच्या ताटात वरण पडेल. शेतकरी आणि शहरी श्रमिक यांचे हित परस्परविरोधी आहे असे भासविणाऱ्यांना याहून सोपे उत्तर नाही. २०१६ सालीच कडधान्यविषयक सरकारी समितीने सुचविले होते की, नत्र साठविणे आणि पाणी वाचविणे हा कडधान्य उत्पादकाने समाजावर केलेला उपकार आहे आणि त्याचे मूल्य त्याच्या भावात धरले पाहिजे. समितीचे प्रमुख केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन होते. ते काही लाल बावट्याचे नव्हेत.

तुरीने हात पोळलेला शेतकरी सोयाबीनकडे अधिकच झुकला. अलीकडच्या खरिपांत महाराष्ट्रात सोयाबीन पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास पसरले आहे. ते शेंगवर्गीय आहे, म्हणून फेरपालट झालीच, असे कागदावर दाखविता येते. प्रत्यक्षात एकाच रानात दर पावसाळ्यात सोयाबीनच येत असेल तर ती एकपीक शेतीच होय; दाण्यावाटे नत्राचा मोठा भाग रानाबाहेर जातो, मुळांचे रोग ठाण मांडतात, आणि २०२३ सालासारखा पिवळा मोझॅक आला की सलग पट्टेच्या पट्टे पिवळे पडतात. त्या सलगतेखाली खरिपाची ज्वारी गाडली गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरे गेली, जनावरांबरोबर शेणखत गेले. मूग-उडदाच्या तोडणीत शेतमजूर बाईला मजुरीबरोबर घरच्या वाटीपुरते कडधान्य मिळे, तेही गेले. या शेवटच्या तोट्याची नोंद कोणत्याही माती परीक्षणात होत नाही. बरे, एवढे करून भाव तरी? २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला, आणि काढणीच्या वेळी बाजार त्याच्या कितीतरी खाली होता.

उसाच्या मुलखात तऱ्हा निराळी. तेथे भावाची कायदेशीर हमी आहे, ठरलेला गिऱ्हाईक कारखाना आहे, आणि पीककर्जाचा दर हेक्टरी इतर पिकांहून मोठा आहे. उसावर खोडवा, खोडव्यावर पुन्हा ऊस. परिणाम कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरच्या चोपण आणि क्षारपड रानांत पाहावा. एके काळची सोन्यासारखी जमीन पांढरी पडली आहे. याच महाराष्ट्रात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात असताना त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ सुचविली होती. तिचे सार असे की, कालव्याचे पाणी गावागावांत ठरावीक गटांना द्यावयाचे, गटाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यातच ऊस घ्यावयाचा, बाकीच्यात हलकी पिके, आणि तीन वर्षांत ही फेरी फिरवायची. सार्वजनिक पैशाच्या पाण्याला फेरपालटीची अट जोडलेली होती! अर्थात त्या काळी सरकारला शेतकऱ्याच्या कल्याणापेक्षा कालव्याचे उत्पन्न अधिक प्रिय होते. तरी परकीय सत्तेच्या इंजिनिअरला जे सुचले ते साखरसम्राटांच्या राज्यात बोलणेही अवघड व्हावे, यातच सत्ता कोणाकडे आहे ते दिसते.

पंजाबचे उदाहरण थोडक्यात पुरे. १९८६ साली एस. एस. जोहल समितीने तेथील गहू-भाताच्या क्षेत्रापैकी वीस टक्के क्षेत्र अन्य पिकांकडे वळवावे असे सांगितले. सरकारी खरेदी मात्र गहू आणि तांदूळ यांचीच राहिली. भाताचे क्षेत्र घटण्याऐवजी वाढले.

युरियाविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे. २०१० साली खतांवरील अनुदान अन्नद्रव्यांनुसार देण्याचे धोरण आले तेव्हा युरिया त्यातून वगळला गेला. स्फुरद-पालाशाची खते महागली, ४५ किलोच्या युरियाची पिशवी २४२ रुपयांच्या आसपास राहिली, आणि हाती असलेल्या थोड्या पैशांत शेतकरी जे स्वस्त ते टाकू लागला. जमिनीचा तोल गेला याचा दोष त्याच्या अज्ञानावर ढकलणे हा अप्रामाणिकपणा आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका त्याच्या हाती पडते. तीत काय कमी आहे ते लिहिलेले असते, पण ते भरून काढण्याइतकी ऐपत कमी आहे हे लिहिण्यासाठी रकाना नाही. म्हणून काही अर्थतज्ज्ञ सुचवितात तसे युरियावरील अनुदान एका रात्रीत काढून घेतले तर फेरपालट येणार नाही, लहान शेतकरी तेवढा उठेल. अनुदानाचा हिस्सा क्रमाक्रमाने कडधान्ये, हिरवळीचे खत आणि शेणखत यांकडे वळवावा, म्हणजे मुळांच्या गाठींत नत्र साठविणाऱ्यालाही कारखान्यात नत्र बनविणाऱ्याइतकाच सरकारी पैशाचा लाभ मिळेल. संक्रमणाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत उत्पन्न घटते, ती तूट भरून देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी.

चळवळीनेही आपल्याकडे पाहिले पाहिजे. महात्मा फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने हिरावलेली गायराने आणि शेतांचे उतरत गेलेले सत्त्व यांचा जाब सरकारला विचारला होता. जमिनीचा कस हा त्यांच्या लेखी राज्यकर्त्यांच्या धोरणाचाच विषय होता. मार्क्सनेही ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात भांडवली शेती मजुराबरोबर मातीलाही लुबाडते हे दाखविले. पुढे डाव्या आणि समाजवादी मोर्चांच्या घोषणांत भाव आला, कर्जमाफी आली, स्वस्त खत आले. माती मात्र मागे पडली. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली आली तेव्हा तिचे स्वागत झाले, ते होणेच योग्य होते. पण एकाच पिकाला हमी दिली की शेत त्याच पिकाकडे झुकते, म्हणून सोबत ज्वारी व तुरीचीही हमी मागावी, असा आग्रह पुरेशा जोराने धरला गेला नाही. माती हा विषय शेतीतज्ज्ञांकडे आणि हौशी सेंद्रियवाद्यांकडे सोपविला गेला.

तेव्हा कार्यकर्त्यांनी गावात फेरपालटीचा विषय काढताना पाठीवर बी-बियाणांची पिशवी घेऊन उपदेश करीत हिंडू नये. आधी कोण कोणाचे रान तोंडी ठोक्याने कसतो याची यादी करावी आणि अशा कराराला किमान पाच वर्षांची लेखी मुदत, कसणाऱ्याच्या नावे पीककर्ज आणि विमा, ही मागणी ग्रामसभेत ठरावाने मांडावी. मालकी जाण्याची मालकाची भीती, विशेषतः विधवा आणि दोन-चार एकरांचे धनी यांची, खोटी नसते. ती समजून घेऊनच कराराचा नमुना करावा लागेल. बँकांकडे एका पिकाचे नव्हे तर तीन वर्षांच्या संपूर्ण फेरीचे कर्ज मागावे. कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्थांच्या सभांत उसाच्या हिश्श्याला मर्यादा आणि मूग, हरभरा, गहू यांना पाण्याची हमी हा विषय कार्यपत्रिकेवर आणावा, तेथे विरोध कोठून होतो तेही लोकांना दिसू द्यावे. आणि तुरीपुरते बोलायचे तर, तिची काढणी डिसेंबर-जानेवारीत सुरू होते. खरेदीकेंद्रांच्या जागा, गोदामे आणि बारदाना यांची मागणी घेऊन तहसील कचेरीवर जायचे, तर ते रांगा लागल्यावर नव्हे, पेरणीच्या वेळीच गेले पाहिजे.